मुलाखतीचे गुण वर्षभराने पुन्हा काढून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘चांगली माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत’ ही तक्रार आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही आठवडे वाचते आहे. लिहिणाऱ्यांत कारखानदार आहेत, कार्यालयप्रमुख आहेत, एका शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांचंही पत्र होतं. रोख सगळ्यांचा एकच: आजच्या मुलांना निष्ठा उरलेली नाही. मी २६ वर्षं भरतीचं काम केलं आहे. गेलेल्या माणसाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आपण त्याला निवडलं कसं, याची चौकशी मात्र जवळजवळ कुणीच करत नाही. म्हणून हे पत्र.

निवृत्तीच्या थोडं आधी कपाटं रिकामी करताना निवड समितीच्या जुन्या गुणपत्रकांचा गठ्ठा माझ्या हाती लागला. सहज म्हणून एका कागदावर मुलाखतीतले गुण लिहिले आणि समोर त्याच माणसाबद्दल वर्षाअखेरीस वरिष्ठांनी दिलेला अहवाल. दोन्हींचा मेळ बसेना. एकमताने पहिला काढलेला उमेदवार आठ महिन्यांत सोडून गेला होता. प्रतीक्षा यादीतून नाइलाजाने घेतलेली मुलगी पुढे विभागाचा आधार झाली होती. त्या पहिल्या आलेल्या मुलाला मीही भरभरून गुण दिले होते, कारण तो फार छान बोलला होता.

एवढ्याशा गठ्ठ्यावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय ज्यांना आम्ही नाकारलं त्यांनी पुढे काय केलं, ते कपाटात कुठून असणार? निवडकर्त्याची खरी अडचण इथेच आहे. चुकीचा माणूस घेतला तर निदान दिसतो. योग्य माणूस गमावला तर कधीच कळत नाही. मग आपली पारख पक्की असल्याची समजूत वर्षानुवर्षं तशीच राहते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमन १९५५ साली अवघे २१ वर्षांचे होते आणि इस्रायलच्या सैन्यात होते. नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत बसवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तोवर मुलाखत घेणारे १५-२० मिनिटं गप्पा मारून एकंदर मत देत, आणि त्या मतावरून पुढचा अंदाज जवळजवळ बांधताच येत नसे. काहनेमन यांनी सहा स्वभावगुण ठरवले. प्रत्येकासाठी उमेदवाराच्या मागच्या आयुष्यातल्या प्रत्यक्ष गोष्टी विचारायच्या आणि पुढच्या स्वभावगुणाकडे वळण्याआधी आकडा लिहून मोकळं व्हायचं. ‘आम्हाला यंत्रं करून टाकता’ म्हणून मुलाखतकार चिडले. तेव्हा त्यांना मुभा दिली गेली, की सहाही आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटून आपल्या मनाचा कौलही द्या. काही महिन्यांनी सैनिकांच्या कामाशी ताडून पाहिलं, तर नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस ठरली, आणि शेवटी दिलेला मनाचा कौलही उपयोगी निघाला. अंतर्मनावर विश्वास ठेवणाऱ्यांनी यातला क्रम नीट पाहावा: कौल होता, पण आधी सहा आकडे लिहून झालेले होते.

आमच्याकडे नेमकं उलट चालायचं. गुण पेन्सिलीने लिहायचे, समितीतले ज्येष्ठ सदस्य बोलले की खोडून बदलायचे आणि शेवटी पेनाने गिरवायचे. पाच जणांच्या सह्या असायच्या, मत एकाचंच. हे अनेक संस्थांत असंच चालतं, आणि त्याला ‘एकमत’ म्हणतात याचं मला आजही वाईट वाटतं.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला, आणि पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तो पुन्हा तपासला. निवडीतला अंदाज आणि पुढचं काम यांचा संबंध शून्य ते एक या मोजपट्टीवर मांडतात. दुसऱ्या तपासणीत बहुतेक आकडे खाली आले, पण ठरावीक प्रश्नांची, सर्वांना सारखी घेतलेली मुलाखत ०.४२ वर सर्वांत वर आली. मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर आली. आणि जाहिरातीत आपण ज्याचा एवढा आग्रह धरतो ती अनुभवाची वर्षं अवघ्या ०.०७ वर. पहिला आकडाही काही थोर नाही. उत्तम पद्धत वापरूनही माणसाबद्दलचं बरंचसं अज्ञातच राहतं, म्हणून तर निकाल मागाहून तपासायचा.

आता टिकण्याबद्दल. पगाराचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सुमारे १४ हजार कामगारांचं बळ राखण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये पाळी नऊऐवजी आठ तासांची झाली आणि दिवसाला ५ डॉलर देण्याची घोषणा झाली, म्हणजे आधीच्या दुपटीहून थोडं अधिकच. सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण १९१३ मध्ये ३७० टक्के होतं, ते १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर आलं. अर्थात त्या पैशाला अटी होत्या, कामगाराच्या घरी जाऊन त्याच्या राहणीची चौकशीही व्हायची. ती बाजू मला अजिबात पटत नाही. पण त्या काळीही ‘कामगारांना निष्ठा नाही’ असं म्हणता आलंच असतं. बदलले ते तास आणि पगार, आणि माणसं थांबली.

मात्र पगार बरा असतानाही माणसं जातात. टॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडलं, की राजीनामा दरवेळी साचत गेलेल्या नाराजीतून येत नाही. पुष्कळदा एखादा धक्का पुरतो. डावललेली बढती, चारचौघांत झालेला अपमान, विश्वासातल्या साहेबांची बदली, घरातलं आजारपण. माझा अनुभव अगदी हाच आहे. राजीनामा टेबलावर येण्याआधी काही आठवडे काहीतरी घडलेलं असतं आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ते माहीत असतं. आम्ही विचारायचो शेवटच्या दिवशी, एक्झिट इंटरव्ह्यूत. रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असताना कोण खरं सांगेल? सगळे लिहायचे, ‘अधिक चांगली संधी’. त्याऐवजी एक प्रश्न नोकरीत असलेल्याला तिसऱ्या महिन्यात विचारला की उत्तर वेगळं येतं: जे काम सांगून घेतलं होतं तेच मिळालं का? मी हे फार उशिरा विचारायला लागले. कामाची कटकटीची बाजू मुलाखतीतच स्पष्ट सांगितली तर मागाहून सोडून जाणारे थोडे कमी होतात, असंही संशोधन सांगतं. परिणाम मोठा नाही, पण त्याला खर्च काहीच नाही.

आपल्या सदरात लिहिणाऱ्या त्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. पुढच्या मुलाखतीला पेन्सिली ठेवू नका. प्रश्न आधी लिहून घ्या, सर्वांना तेच विचारा, आणि एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येक सदस्याकडून पेनाने लिहिलेले गुण घ्या. जमेल तिथे शिक्षकाकडून एक तास शिकवून घ्या, लेखनिकाकडून एक हिशेब करून घ्या. मग ती पत्रकं लिफाफ्यात बंद करून वर एक वर्षानंतरची तारीख घाला. त्या दिवशी समितीतल्या सगळ्यांना बोलावून लिफाफा त्यांच्यासमोर फोडा, आणि जो सोडून गेला असेल त्याचं पत्रक सर्वांत आधी वाचा.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी अधिकारी