काजळी पुसणाऱ्या हातांना

लालबागच्या आमच्या खोलीत गेल्या महिन्यात शॉर्टसर्किटने आग लागली. १०१ला फोन कुणी लावला, अजून कळलेलं नाही. बंब आला, आग विझली. खरा छळ नंतरचा. बंद कपाटातल्या वाट्यासुद्धा काळ्या!

मी बादली घेऊन भिंतीकडे निघालो तर वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "पाणी नको रे लावूस! तेलकट असते काजळी, भिंतीत मुरेल." पंखाही लावू दिला नाही, भुकटी घरभर उडाली असती. मग कोरडे स्पंज घेऊन सात-आठजण भिडले. न घासता, वरून खाली, एकेक पट्टा. स्पंजाचा काळा झालेला भाग कापून पुन्हा स्वच्छ बाजूने. माझा उत्साह नडला, एक कोपरा घासून मीच बिघडवला.

रंगकाम करणाऱ्या दादांनी पैसे घेतले नाहीत. नुसता डिस्टेंपर मारला तर डाग आणि वास पुन्हा वर येतो म्हणून आधी ऑइल प्रायमर मारून दिला.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि हो, पिठलं-भाकरीचा स्टीलचा डबा आमच्याकडेच आहे. झाकणावर 'सौ.' एवढंच वाचता येतंय, पुढचं नाव झिजलंय. ज्यांचा असेल त्यांनी हक्काने यावं, चहा घेऊनच जावं.