सूचना : पुढच्या बायबल अभ्यासाला नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय १७ वाचून या

प्रिय बंधुभगिनींनो,

अख्खा अध्याय वाचा, नुसतं ११ वं वचन नको. त्या वचनात आहे तसे, बिरुया नगरातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून बघत. आपण मात्र आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलतो! जास्त वेळ वचनं २२ ते ३१ वर देऊ. अथेनैतल्या (अथेन्समधल्या) मूर्ती पाहून पौल अस्वस्थ झाला होता, तरी बोलताना त्याने ग्रीक कवींचाच दाखला दिला आणि विषय थेट येशूच्या पुनरुत्थानापर्यंत नेला.

पैसा, काम किंवा मुलांचं संगोपन, यांपैकी एकाबद्दलचं आपलं मत नेमकं कुठून आलं, ते दोन ओळींत लिहून आणा. छापील उत्तरं नकोत, खरं लिहा. त्यावरूनच रोमकरांस पत्र १२:२ कडे वळू, जिथे पौल जगाच्या साच्यात न बसता मन नवं होऊ द्यायला सांगतो.

पवित्र शास्त्र पुस्तकरूपात आणा, मोबाइल सायलेंटवर.