‘१०० टक्के हेट पाईड’ म्हणून विकलेल्या बॉल पायथन मादीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

विषय : मादीच्या किमतीतील फरक परत मिळण्याबाबत

महोदय,

चार वर्षांपूर्वी मी आपल्या कंपनीकडून बॉल पायथन या अजगराचे एक मादी पिल्लू विकत घेतले. पावतीवर तिचे वर्णन ‘१०० टक्के हेट पाईड’, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘पाईड’ रंगाच्या जनुकाची एक प्रत नक्की बाळगणारी, असे छापलेले आहे आणि त्या दिवशी आपल्याच यादीत साध्या रंगाच्या मादी पिल्लाची जी किंमत होती, तिच्या चौपट रक्कम मी मोजली. ही मादी हेट नाही, अशी माझी तक्रार आहे. आपल्या प्रतिनिधींशी तीन वेळा फोनवर बोललो, तिन्ही वेळा वेगवेगळे उत्तर मिळाले, म्हणून आता लेखी कळवत आहे.

पाईड हा रंग अप्रभावी असल्यामुळे अंगावर पांढरे पट्टे उमटण्यासाठी त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. एकच प्रत असलेला हेट साप दिसायला अगदी साध्या सापासारखा असतो. पेस्टलसारख्या रंगात एका प्रतीनेही फरक दिसतो, त्यामुळे तिथे ग्राहक स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेऊ शकतो. हेट पाईड घेताना मात्र तो निव्वळ विक्रेत्याच्या शब्दाचे पैसे देतो. माझ्या व्यवहारात किमतीच्या चारपैकी तीन हिस्से त्या शब्दासाठी होते.

मादीचे वजन दीड किलोच्या वर गेल्यावर, म्हणजे तिसऱ्या वर्षी, मी तिला माझ्याकडील पाईड नर लावला. तो पाईड आहे हे त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे, त्याबद्दल वाद होऊ शकत नाही. पहिल्या वर्षी ६ आणि दुसऱ्या वर्षी ७ अंडी झाली आणि सर्व उबली. पाईड पिल्लू ओळखायला ते बाहेर येईपर्यंत थांबावे लागत नाही. अंड्याला चीर पडली की आतली पांढरी कातडी दिसते. सुमारे दोन महिने इन्क्युबेटरपाशी खेपा घातल्यानंतर एकेका चिरेतून तेच तपकिरी-काळे नक्षीकाम दिसत गेले. १३ पैकी एकही पिल्लू पाईड निघाले नाही.

आपल्या पहिल्या प्रतिनिधींनी याला नशीब म्हटले. पाईड नर आणि हेट मादी यांचे प्रत्येक पिल्लू पाईड असण्याची शक्यता निम्मी असते. मादी खरोखर हेट असती, तर ओळीने १३ पिल्ले साधी निघण्याची शक्यता ८,१९२ मध्ये १ इतकी होती. एका विणीत असे घडले असते तर मीही गप्प बसलो असतो, कारण सहा अंड्यांवरून कोणी निष्कर्ष काढू नये. तेरांनंतर नशिबाचे नाव घेणे पटत नाही.

दुसऱ्या प्रतिनिधींनी मादीच्या शेपटीजवळच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवले आणि ती हेटची खूण असल्याचे सांगितले. तसा ठिपका ज्यांच्यात पाईडचा अंशही नाही अशा सापांतही आढळतो, त्यामुळे त्याला पुरावा मानता येत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत खटकले. ‘तुमची सगळी पिल्ले १०० टक्के हेट आहेत ना, मग नुकसान कुठले?’ असे विचारण्यात आले. पिल्ले हेट आहेत हे खरे, पण ती प्रत त्यांना माझ्या नराकडून मिळाली आहे. हाच नर कोणत्याही साध्या मादीला लावला असता तरी सगळी पिल्ले हेटच झाली असती. मी चौपट पैसे दिले ते सहा-सात पाईड पिल्लांच्या अपेक्षेने, कारण पाईड आणि हेट यांच्या भावातले अंतर आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आता एका चिठ्ठीबद्दल. पिल्लू ज्या डब्यातून आले त्याच्या झाकणाला आतून एक लेबल चिकटलेले होते. त्यावर छापील ‘६६’ हा आकडा निळ्या पेनाने खोडून शेजारी ‘१००’ लिहिलेले आहे. तेव्हा मी ती टंकनातली चूक समजलो. दोन हेट सापांच्या चार पिल्लांत सरासरी एक पाईड, दोन हेट आणि एक साधे असते. पाईड बाजूला काढल्यावर उरलेल्या एकसारख्या दिसणाऱ्या तिघांपैकी दोन हेट, म्हणून प्रत्येकाला ६६ टक्के म्हणतात. पिल्लात दोन-तृतीयांश गुण आहे असा त्याचा अर्थ नाही. ते एकतर हेट असते किंवा नसते. १०० टक्के म्हणायचे तर आई-वडिलांपैकी एक स्वतः पाईड हवा. दोघांचे फोटो मी दोनदा मागितले, ते अजून आलेले नाहीत. ‘६६’ लिहून विकले असते तर मी त्या भावाने घेतले असते आणि आज तक्रार केली नसती.

आपण बदली पिल्लू देऊ केले आहे, ते मला मान्य नाही. १९९७ मध्ये पाईड रंग आनुवंशिक असल्याचे पैदाशीतून सिद्ध झाले तेव्हा त्याला जो भाव होता तो आता राहिलेला नाही, कारण प्रत्येक जोडीगणिक हे साप वाढत जातात आणि भाव उतरतो. माझ्या चार वर्षांतही आपल्याच यादीतली हेट पाईडची किंमत निम्म्याहून खाली आली आहे. आज दिलेले पिल्लू पैदाशीयोग्य होईपर्यंत आणखी तीन वर्षे जातील आणि तोवर भाव कुठे असेल ते सांगता येत नाही.

म्हणून खरेदीच्या दिवशीच्या यादीप्रमाणे साधी मादी आणि हेट पाईड मादी यांच्या किमतीतला फरक मला ३० दिवसांत परत करावा. पाईड रंगाशी टीएफईसी या जनुकातील बदलाचा संबंध संशोधनातून दाखवला गेला आहे आणि कातीवरून त्याची तपासणी होऊ शकते. मादीची शेवटची कात मी वाळवून दोन पाकिटांत बंद करून ठेवली आहे. त्यातले एक आपण निवडलेल्या प्रयोगशाळेत आपल्या खर्चाने पाठवावे. तिथे ती हेट निघाली तर ही तक्रार मी लेखी मागे घेईन आणि तपासणीचा खर्चही भरेन.

मादीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती शांत आहे, वेळेवर खाते आणि माझ्याकडेच राहील. पावती, लेबलचा फोटो आणि दोन्ही विणींच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपला ग्राहक