लिसा रेचा चेहरा आठवतो, काम कुणाला आठवतं?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पुरवण्यांमध्ये अभिनेत्री लिसा रेचं नाव आलं की वडील बंगाली, आई पोलिश हे ठरलेलं आणि मग लगेच डोळ्यांचा रंग. खोटं काहीच नाही त्यात, पण गाडी तिथेच थांबते याचा राग येतो म्हणून लिहितेय.

१९७२ साली टोरांटोत जन्म. पत्रकारिता शिकायची होती तिला, पण आईचा कार अपघात झाला आणि ते राहूनच गेलं. इकडे मॉडेलिंगमुळे नव्वदच्या दशकात चेहरा घराघरात पोचला, बॉम्बे डाईंगची जाहिरात, मासिकांची कव्हरं, नुसरत फतेह अली खान साहेबांच्या 'आफरीन आफरीन'चा व्हिडिओ तर आमच्या पिढीला पाठ आहे. पण चेहरा सगळ्यांना हवा होता, आवाज कुणालाच नको होता. २००१ च्या 'कसूर' या हिंदी पिक्चरमध्ये तिच्यासाठी दिव्या दत्ताने डबिंग केलं. 'वॉटर'मध्ये तर सेटवर हिंदी संवाद तिने स्वतः म्हटले, तरी शेवटी पडद्यावर आवाज दुसरीचाच.

'वॉटर'बद्दल जरा जास्त लिहिते. २००० मध्ये वाराणसीत दिग्दर्शिका दीपा मेहतांचा या पिक्चरचा सेट आंदोलकांनी मोडला, शूटिंग बंद पडलं, शबाना आझमी आणि नंदिता दासचा तो पिक्चर राहिला तो राहिलाच, मग काही वर्षांनी श्रीलंकेत नव्याने केला तेव्हा त्यात सीमा बिस्वास आणि लिसा आल्या. १९३८ सालचा विधवाश्रम, बाकी सगळ्यांची डोकी भादरलेली, फक्त कल्याणीचे, म्हणजे लिसाच्या भूमिकेचे, केस लांब ठेवलेत, कारण तिला नदीपलीकडे गिऱ्हाइकांकडे पाठवायचंय. तिचं देखणेपणच तिच्या पायातली बेडी, आणि ते लिसाने नुसत्या नजरेने दाखवलंय. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला पिक्चर, तोही कॅनडातर्फे!

२००९ मध्ये तिला मल्टिपल मायलोमा झाला, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. थकवा, रक्त कमी होणं ही याची लक्षणं, आणि नेमकी हीच आपल्याकडच्या बायका महिनोनमहिने अंगावर काढतात. स्टिरॉइड्सनी चेहरा सुजलेला असताना ती टोरांटो फेस्टिव्हलच्या रेड कार्पेटवर तशीच गेली, आजार लपवला नाही, ब्लॉग लिहिला, स्टेम सेल ट्रान्सप्लांट करून घेतलं आणि २०१९ मध्ये आत्मकथन आणलं. तिथे डबिंगचा प्रश्नच नव्हता, सगळं तिचंच. मला तर तिचं हे लिखाण कुठल्याही फोटोपेक्षा मोठं वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी तिच्यावर लिहाल तेव्हा अर्धं पान या कामाला आणि मायलोमाच्या लक्षणांना द्या. आणि परीक्षणात कलाकारांच्या नावांखाली डबिंग करणाऱ्यांची नावंही छापायला सुरुवात करा, एका ओळीची तर जागा लागते.

आपली,
एक नियमित वाचक