विषय: वरचा काळा रंग काढण्याऐवजी हेल्मेटवरचे सगळे जुने थर नष्ट केल्याबद्दल तक्रार आणि पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्याकडून घेतलेले दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश मार्क २ पोलादी हेल्मेट (काठाच्या आत १९४१ चा ठसा) रिस्टोरेशन होऊन दादरच्या पत्त्यावर मिळाले. देयकावर काम असे लिहिले आहे: 'वरचा काळा ऑइलपेंट काढणे, खालचा रंग राखणे.' प्रत्यक्षात हेल्मेट पत्र्यापर्यंत सोलून त्यावर नव्या खाकी स्प्रेचा हात मारला आहे. हे रिस्टोरेशन नाही, नुकसान आहे.

तुमच्याच जाहिरातीतला फोटो पाहा. उजेड तिरका पडला आहे तिथे काळ्या रंगाखाली डब्ल्यू (W, म्हणजे वॉर्डन) या अक्षराच्या कडा उठून दिसतात. ए.आर.पी. (हवाई हल्ल्यांपासून नागरिकांना वाचवणारी यंत्रणा) वॉर्डनच्या हेल्मेटवर ते अक्षर असे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतही ए.आर.पी. काम करत होती. इथल्या बाजारात निघालेल्या हेल्मेटवरचे असे अक्षर हा पुरावा असतो आणि कितीही चांगला पेंटर बसवला तरी तो पुन्हा रंगवता येत नाही.

खाली मूळ रंग उरलाच नव्हता, हे तुमच्या प्रतिनिधीचे फोनवरचे उत्तर चुकीचे आहे. हनुवटीच्या पट्ट्याच्या कडीमागे रंग काढायचा रिमूव्हर पोहोचलेला नाही. तिथे दहापट भिंगाखाली पत्र्यावर खाकी, त्यावर राखाडी आणि सगळ्यात वर काळा असे तीन थर स्वच्छ दिसतात. फोटो सोबत जोडला आहे.

काठाजवळची छोटी गोल भोके तुमच्या कारागिराने पुट्टीने बुजवली. ती गंजाची नव्हती. सैनिकी प्रतीला न उतरलेली कवचे (हेल्मेटची पोलादी टोपणे) नागरी संरक्षणाला देताना अशी भोके मुद्दाम पाडली जात. डब्ल्यू अक्षराशी जुळणारी हीच दुसरी खूण होती. डोक्यावरचा अस्तराचा स्क्रू सरळ खाचेचा होता. त्याजागी फिलिप्स (अधिक चिन्हासारख्या खाचेचा) स्क्रू बसवला आहे, जो या हेल्मेटवर कधीच नसतो. अस्तर न काढताच रिमूव्हर ओतल्यामुळे आतली रबराची फुलीच्या आकाराची गादी फुगून चिकट झाली आहे.

आता काठावर फोड येऊ लागले आहेत. कवचाच्या कडेवर पोलादी पट्टी वेगळी जोडलेली असते. त्या फटीत अडकलेला रिमूव्हर धुऊन, वाळवून काढला नाही तर तो नव्या रंगाखालून बाहेर झिरपतो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघडा पत्रा काही तासांत गंज धरतो आणि तुम्ही प्राइमरही मारलेला नाही.

हे काम कसे व्हायला हवे होते? आधी अस्तर काढून ठेवायचे. काठाजवळ एक सेंटिमीटरची चाचणीची जागा घ्यायची आणि कापसाच्या बोळ्याने सौम्य द्रावणापासून सुरुवात करायची: साबणाचे पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेवटी अॅसिटोन. वरचा थर मऊ होतो पण खालचा हलत नाही, अशा द्रावणावर थांबायचे. एकही द्रावण तसे वागले नाही तर भिंगाखाली स्कालपेल (शस्त्रक्रियेची बारीक सुरी) आडवे धरून काळे पापुद्रे उचलायचे. अक्षराच्या कडा आल्या की पुढे जायचे नाही. काम वेळखाऊ आहे, म्हणूनच तुम्ही त्याचे वेगळे पैसे घेतले. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडा सँडपेपर मारायचाच नाही. तुमच्या कारागिराने तो मारला आहे, कवचावर ओरखडे दिसतात. त्याच्या प्रकृतीची काळजी घ्यावी, ही मनापासून विनंती.

हेल्मेटची किंमत आणि रिस्टोरेशनचा खर्च, दोन्ही पूर्ण परत करावेत. मूळ स्क्रू आणि काम सुरू करण्याआधी काढलेले सर्व फोटो पाठवावेत. पुन्हा रंगवून देण्याचा प्रस्ताव नको. परत घेतल्यावर हे हेल्मेट विकायचे असेल तर 'संपूर्ण नव्याने रंगवलेले, भोके बुजवलेली' असे जाहिरातीत ठळक लिहावे. 'मूळ रंगातले' म्हणून ते दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागितली जाईल.

आपला ग्राहक,
दादर (पश्चिम), मुंबई

सोबत: देयकाची प्रत, जाहिरातीतला फोटो, कडीमागच्या थरांचा फोटो, काठावरच्या फोडांचे फोटो