उलिसाकची पत्ती

आदरणीय काकाजी,
सा. न.

बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला, यादीत नाव आलं, हे बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच. मला तेव्हा बोलताच आलं नाही. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान श्रेणीच्या वाचनालयात एक माणूस काय करतो, ते लोकांना कळू दे.

आपल्या राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. मी त्यानंतरचीच. बारा वर्षं इंग्रजी शिकले, म्हणजे बारा वर्षं फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवली. पुढे बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून शहरातल्या एका क्लासची फी भरली. तिथे सरांनी ‘मॉडिकम’चा अर्थ विचारला. माझ्या तोंडून निघालं, "उलिसाक." आमच्या बोलीत म्हणजे अगदी थोडंसं. अख्खा वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर मी तिथे तोंड उघडलं नाही आणि चार महिन्यांनी घरी परत आले. बाबांचे ते पैसे आठवले की आजही पोटात कालवतं.

मग तुमच्या वाचनालयात येऊन बसू लागले. तुम्ही माझे मार्क विचारले नाहीत. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही पत्त्या केल्या होत्या, एकीवर शब्द, दुसरीवर अर्थ. काहींच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट तसंच होतं. वीस शब्द, वीस अर्थ टेबलावर पसरायचे आणि म्हणायचं, "लाव जोड्या." जुळली ती जोडी रबरात, चुकली ती ढिगात, उद्या पुन्हा. ‘एमिनंट’ आणि ‘इमिनंट’ तुम्ही मुद्दाम शेजारी ठेवायचे. एक नामांकित, दुसरं येऊ घातलेलं. आठवडाभर मी त्यांची अदलाबदल करत होते, पण तुमच्या कपाळावर आठी दिसली नाही. शब्द फोडून पाहायलाही तिथेच शिकले. लॅटिनमधलं ‘बेने’ म्हणजे चांगलं, ‘मॅले’ म्हणजे वाईट, पुढचा तुकडा इच्छिणाऱ्याचा. बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट एकाच दिवशी पाठ झाले.

पण मला सांगायचंय त्या संध्याकाळचं. लाइन गेली होती, टेबलावर चार्जिंगचा दिवा होता आणि माझ्या हातात ‘मॉडिकम’ आलं. हात तिथेच थांबला.

"काहून थांबली?"

क्लासमधली गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुही माय काय म्हणते याले?"

"उलिसाक."

तुम्ही खिशातला लाल पेन काढलात, थकलेल्या पुस्तकांची नोंद करायचा. अर्थाच्या पत्तीवर, इंग्रजी ओळीच्या खाली, ठसठशीत अक्षरात लिहिलंत, ‘उलिसाक’. शाईवर फुंकर मारलीत आणि पत्ती माझ्यापुढे सरकवलीत. "बरोबर हाये. लाव जोडी."

त्या रात्री मी चुलीपाशी आईला शब्द विचारत बसले. खूप खाणाऱ्याला काय म्हणतो आपण, सारखं बोलणाऱ्याला काय म्हणतो? ‘व्होरेशस’खाली हावरट आलं, ‘गॅरुलस’खाली बोलघेवडा. आई हसत होती, की माझी भाषा बँकेच्या परीक्षेला लागते म्हणून.

शिकवणारे पुष्कळ आहेत, काकाजी. समोरच्याची लाज राखून शिकवणारा भेटायला नशीब लागतं. ‘मॅग्नॅनिमस’ची पत्ती आली तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, ‘मॅग्नस’ मोठा, ‘ॲनिमस’ मन, आणि सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पोरीला महात्मा शब्द समजावून सांगायची गरज नाही. मला तो शब्द आता रोज दिसतो. पेपरच्या दिवशी मी धावत येताना दिसले म्हणून दोन मिनिटं गाडी थांबवणारे एसटीचे कंडक्टर, सुट्टे नाहीत म्हटल्यावर "मंग देजो" म्हणत झेरॉक्स हातात देणारा पोरगा. यांची नावं कुठल्याच पाटीवर नसतात.

चुलतभावाच्या लग्नाच्या चाळीस पत्रिका उरल्या आहेत, मागची बाजू कोरी आहे. बाबांसोबत पाठवतेय. नव्या पोरांसाठी कापा. त्याच पिशवीत दोन लाल पेनही आहेत. उलिसाकची पत्ती मात्र माझ्याकडेच राहिली आहे, ती परत मागू नका.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीवरची पोरगी