फिजिओच्या खोलीतल्या खुर्च्या: कर्नाटकातल्या एका मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

तुमचं नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या फेरबदलात कोण कुठं असेल हे तुम्हालाही ठाऊक नसणार. आम्हाला आश्वासनं देणारी माणसं बदलत गेली, खुर्ची तीच राहिली. तेव्हा हे पत्र खुर्चीला आहे असं समजा.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या पोहण्याच्या स्पर्धांच्या बक्षीस समारंभाला आपण आला होता. दोन तास उशिरा, पण आला होता. पोरं ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून वाट बघत बसली होती. भाषणात आपण म्हणालात की या तलावावर फिजिओथेरपिस्ट नेमणार, सरकार खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून उभं आहे. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या पोटाजवळच वाजतात, उजवा हात त्याच्या वर नेला की कळ येते. तरी वाजवल्या.

परवाच्या रविवारी शेजारच्या पोरीला घेऊन त्याच तलावावर गेले. चौदा वर्षांची आहे, बटरफ्लाय पोहते. पाण्यात उतरायच्या आधी तिनं दोन्ही खांद्यांना बाम चोळला. मग दप्तरातून कंपासपेटी काढली, करकटकाशेजारी ठेवलेली दुखण्यावरची गोळी उचलली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. "हे काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "रोजचंच आहे की मावशी. सगळीच घेतात."

मी तरातरा तुमचा फिजिओ शोधत निघाले. खोली सापडली! दारावर नवीकोरी पाटी आहे, 'फिजिओथेरपी कक्ष', वर कन्नडमध्ये ठळक, खाली इंग्रजीत. आत समारंभाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकात एक अडकवून, पार छताला टेकलेल्या. सोबतीला एक मोडका माईक स्टँड. शिपाई बिचारा खरं बोलला: "पाटीचं बजेट आलेलं बाई, माणसाचं नाही आलं."

मी कोण ते सांगते. जन्म खानापूर तालुक्यातला. बापानं पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं तेव्हा सहा वर्षांची होते. आठवड्याभरात डबा सुटला, महिन्याभरात काठावरून मुटके मारायला लागले. पुढं बेळगावात मामाकडं राहिले आणि १९८९ ते १९९८ अशी नऊ वर्षं तलावात काढली. २०० मीटर बटरफ्लायला राज्य पातळीवरची दोन पदकं आहेत. आता त्यांचा मुलामा उडालाय.

रोजचे सहा किलोमीटर. तलाव २५ मीटरचा, म्हणजे २४० चकरा. एका चकरेला एका हाताचे दहा फेरे धरा. दिवसाला २,४००. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे ४८ आठवडे. एका हाताचे वर्षाला जवळजवळ सात लाख फेरे झाले. हिशेब कच्चा असेल, पण मी शाळेत गणित शिकवते, फार चुकायची नाही. वेगवान गोलंदाजानं दिवसात वीस षटकं टाकली की पेपरात त्याच्या घामाचं कौतुक छापून येतं. ते १२० चेंडू झाले साहेब. त्याची षटकं मोजायला पगारी माणूस असतो. आमचे फेरे कोण मोजतं?

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, खांद्याचं तसं नाही. बशीत लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खाचेत टेकलेला असतो, आणि चार छोटे स्नायू त्याला चहूकडून आवळून धरतात. रोटेटर कफ म्हणतात त्यांना. पोहताना अंग पुढं नेण्याचा बहुतेक भार हातांवर असतो. हे चार स्नायू थकले, पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, ढिला पडला, की लिंबू बशीत सरकायला लागतं. मग स्नायूला हाडाशी बांधणारा दोर वरच्या हाडाखाली घासतो, सुजतो, जाड होतो, कधी कधी तुटतोही. त्यात आमच्या काळात हाताला प्लॅस्टिकची पॅडल बांधून पोहायला लावायचे, म्हणजे पाण्याचा जोर आणखी वाढला. दुखतंय म्हटलं की सर म्हणायचे, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." सरांचाही दोष किती धरू? त्यांना तरी कोणी शिकवलं होतं?

नाही कोणी शिकवलं, पण माहीत मात्र होतं. या दुखण्याला 'स्विमर्स शोल्डर' हे नाव १९७४ सालीच मिळालंय, माझ्या जन्माच्याही आधी. २०१० साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. १३ ते २५ वयाचे ८० अव्वल पोहणारे तपासले, त्यांतल्या ९१ टक्क्यांनी खांदा दुखतो म्हणून सांगितलं. आठवड्याला ३५ किलोमीटरच्या वर पोहणाऱ्यांत हा दोर खराब झालेला जास्त सापडला. माझे आठवड्याचे ३६ भरायचे, वयाच्या तेराव्या वर्षापासून. त्याच ऑस्ट्रेलियाचा इयान थॉर्प, पाच ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा धनी, २०१४ साली खांद्याच्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होऊन इस्पितळात पडला होता. त्याची बातमी जगभर गेली. खानापूरच्या बाईची कुठं जाणार? म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या वर्षी मी पोहणं सोडलं. खांद्यानं मात्र मला सोडलं नाही.

मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिते. माझ्या वर्गातल्या फळ्याचा वरचा भाग कायम काळाभोर असतो. नवीन आलेली पोरं विचारतात, "बाई, वर का लिहीत नाही?" मी सांगते, वरचा भाग मोठ्या वर्गासाठी राखून ठेवलाय. डाव्या हातानं लिहायला शिकले, पण भूमितीच्या आकृत्या डाव्या हातानं काढल्या की वर्तुळाचं बटाटं होतं. पाठीमागचं हूक लावता येत नाही. वेणी मुलगी घालते. लोणच्याची बरणी खालच्या फळीवर आली, आणि सासूबाई जाईपर्यंत त्यावरून ऐकवत राहिल्या. चाळिशीच्या आत सुनेचा हात वर जात नाही म्हणजे कामाचा कंटाळा, दुसरं काय! रात्री उजव्या कुशीवर वळले की जाग येते. साडेतीनला उठून ओट्याला टेकून बसते. नऊ वर्षं पहाटे साडेचारला पाण्यात उतरत होते, त्यामुळं ती वेळ तशी ओळखीचीच आहे म्हणा.

तुमच्या सरकारची बायकांना फुकट बसप्रवासाची शक्ती योजना २०२३ पासून आहे. शाळेला जाताना एसटीत तिकीट पडत नाही, त्याबद्दल मनापासून आभार. जागा मिळत नाही, उभं राहावं लागतं, आणि दांडा डोक्याच्या वर असतो. मी डाव्या हातानं धरते. डाव्याचीही आता कुरबुर सुरू झालीय.

उपचारांचं विचारू नका. एमआरआय झाला, इंजेक्शनं झाली, प्रत्येक वेळी चारशे रुपये देऊन खाजगी फिजिओकडं दोन वर्षं झाली. ऑपरेशनचा आकडा दीड लाखाच्या पुढं गेला. विमावाल्यांनी कळवलं, दुखणं पूर्वीपासूनचं आहे, बसत नाही. बरोबर आहे, १९९३ पासूनचंच आहे! माजी खेळाडू म्हणून काही मदत मिळेल का म्हणून एका कार्यालयात कागद दिले. तिथल्या साहेबांनी प्रमाणपत्रं उलटीपालटी केली आणि म्हणाले, यावर गावाचं नाव वेगळं आहे. आता २०१४ च्या १ नोव्हेंबरला तुम्ही बेळगावचं नाव बदललं त्याला माझी १९९० सालची प्रमाणपत्रं काय करणार? दोन्ही गावं एकच आहेत म्हणून मला प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. स्टॅम्प पेपरवर. तो कागद अजून तिथंच आहे, फाईल फिरतेय.

आणि फाईल कुठं म्हणून विचारायला गेलं की एकच उत्तर: "नाळे बर्री." उद्या या. आमच्याकडं पूर्वी घरांच्या दारांवर 'नाळे बा' लिहून ठेवायचे, म्हणजे रात्री आलेलं भूत ते वाचतं आणि परत जातं, दुसऱ्या रात्री येतं, पुन्हा तेच वाचतं. लहानपणी मला भुताची भीती वाटायची. आता कीव येते, इतक्या चकरा मारून त्याचे पाय किती दुखत असतील.

तुम्हाला वाटत असेल, मराठी बाई आहे, कन्नड पाटी बघून पेटली. पेटायला हवं होतं, नाही का? तुमच्या सरकारनं २०२४ साली कायदा केला, पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. करा की. माझी पोरगी कन्नड घरच्यासारखं बोलते, मीही बाजारात बोलते. माझं भांडण पाटीमागच्या खुर्च्यांशी आहे. त्या पाटीवर मराठी नाही म्हणून उद्या आमची माणसं मोर्चा काढतील. काढली तर दुसरी बाजू काळं फासायला येईल. पोलीस येतील, बसेस सीमेवर थांबतील. आत माणूस आहे का हे दोघंही बघायचे नाहीत.

आमच्या मायमराठी सरकारचंही सांगते, म्हणजे तुम्हाला एकट्याला वाईट वाटायला नको. २०२३ साली त्यांनी सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली. इकडून लगेच आक्षेप, आमच्या हद्दीत तुमची योजना कशी? दोन सरकारं माझ्या खांद्यावरून भांडली आणि खांदा होता तिथंच राहिला. १९५६ पासून आम्ही कोणाचे यावर वाद चाललाय, महाजन आयोग होऊन गेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. मरण्याआधी निकाल लागला तर कळवा, म्हणजे औषधाची पावती कुणाला द्यायची ते ठरेल. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर. तिथला वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला पोहला, महाराष्ट्रानं त्याला तहसीलदार केलं. आनंद आहे. इकडं २०२४ ला पॅरिसला भारतातून पोहायला दोघं गेले, दोघंही बंगळूरूचे. त्याचाही आनंदच आहे. आम्ही दोन्हीकडं टाळ्या वाजवतो. पोटाजवळ.

बेळगावसाठी तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, हिवाळ्यात अधिवेशन भरतं, तेव्हा हॉटेलांत खोली मिळत नाही आणि कुंद्याची, आमच्याकडच्या त्या मिठाईची, दुकानं रिकामी होतात. बाकीचं वर्षभर ती इमारत कशी दिसते हे हायवेवरून जाताना बघते मी. लखलखीत आणि रिकामी. तुमच्या फिजिओच्या खोलीपेक्षा एवढंच बरं की तिथल्या खुर्च्या मांडलेल्या तरी आहेत.

मागायचं काय, ते राहूनच गेलं. फार नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा एक फिजिओ. बेळगावात फिजिओथेरपीची पदवी घेऊन दर वर्षी पोरं बाहेर पडतात, त्यांतला एक द्या. प्रत्येक पोहणाऱ्या पोराची एक वही, कुठल्या आठवड्यात किती किलोमीटर आणि कुठं दुखलं ते लिहायला. हवी तर वह्या मी देते, शाळेत शिल्लक असतात. अंतर एकदम वाढवायचं नाही, दुखत असेल तर पॅडल बांधायची नाहीत, फऱ्याचे आणि त्या चार स्नायूंचे व्यायाम पाण्याबाहेर रबरी पट्ट्यांवर करून घ्यायचे. यासाठी निविदा लागत नाही. पट्टी दीडशे रुपयाला मिळते. आणि चौदा वर्षांच्या पोरीच्या कंपासपेटीत गोळी सापडली तर विचारणारं कोणीतरी तिथं असावं. प्रशिक्षक एकटा आहे, त्याच्याकडं साठ पोरं आहेत, तो कुणाकुणाच्या पेट्या उघडणार?

माझा खांदा आता कुणी दुरुस्त करायला नको. तो अर्ज मी मागं घेते, प्रतिज्ञापत्रासकट.

पोरीची पुढची स्पर्धा येत्या महिन्यात आहे. "मावशी, एवढी स्पर्धा होऊ दे, मग विश्रांती घेते," म्हणाली. हेच वाक्य मी १९९५ साली आईला सांगितलं होतं, त्यामुळं पोरीला मी काही बोलू शकले नाही.

खोलीची किल्ली शिपायाकडं असते. तो दुपारी तीननंतर भेटतो. खुर्च्या काढायला दोन माणसं पुरतील, मला मात्र त्यांत धरू नका.

आपली,
एक माजी जलतरणपटू आणि चालू शिक्षिका
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव